मोज्यातली बाटली

१

दार उघडताच मायेलच्या नाकात गॅसचा वास घुसला.

काडी पेटवताना हात चुकला की येतो तसला ओझरता वास नव्हता तो. स्वयंपाकघरातून निघून तो जिन्यापर्यंत पोचला होता, खुंटीवरच्या कोटांमध्ये शिरला होता. मायेलनं शाळेच्या वह्यांची पिशवी उंबऱ्यातच टाकली. तोंडावर स्कार्फ दाबून ती आत धावली. शेगडीच्या डावीकडच्या चुलीचं बटण पूर्ण उघडं होतं, खाली जाळाचा पत्ता नाही. तिनं ते फिरवलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग शेजारच्या खोलीकडे वळली.

पाळणा रिकामा होता.

"नोएमी!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"काय गं, एवढं ओरडायला काय झालं?" अंगणातून सासऱ्यांचा आवाज आला. अक्रोडाच्या झाडाखाली, फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात फिर्मां बाकावर बसले होते. मांडीवर दहा महिन्यांची नोएमी त्यांच्या मिशा ओढत होती. मायेलनं पोरीला हिसकावूनच घेतलं. तिच्या लोकरी टोपीत तोंड खुपसलं तर टोपीलाही तोच वास. माझ्याच नाकात भरलाय, असं तिला वाटलं. ती तिथेच गवतात बसली.

"घरभर गॅस आहे, बाबा. बटण उघडं होतं."

फिर्मां ताडकन उठले. "शक्य नाही. आत्ता, आत्ता बाहेर आलो आम्ही. तोवर शेजारच्याच खोलीत होतो. वास असता तर मला आला नसता?"

ह्या प्रश्नाला सबंध खोऱ्यात उत्तर नव्हतं. फ्रान्समधल्या दोर्दोन्य नदीच्या ह्या काठावर फिर्मांचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. कुठलं पिंप कशात मिसळायचं, हे ठरवायला दर मार्चमध्ये चार गावचे द्राक्षवाले त्यांच्या दारात येत. ते नाक म्हणतंय वास नव्हता, म्हणजे नव्हता. मग फिर्मां बाहेर पडल्यानंतर कुणीतरी बटण उघडलं, आणि येता-जाता शेगडी पेटवणारा घरात एकच माणूस होता.

"तिबो!" फिर्मांनी गोदामाच्या दिशेनं हाक मारली. ती हाक ऐकून नोएमी रडायला लागली.

२

तिबो हा मायेलचा धाकटा दीर. सिगारेट कानावर, केस डोळ्यांवर, आणि दिवसातून कितीदा कॉफी उकळेल ह्याचा नेम नाही. तो गुन्हेगार ठरायला फारसा वेळ लागला नाही. त्या रात्रीपासून त्यानं गोदामातल्या खोलीत झोपावं, घरात पाऊल टाकायचं ते फक्त रविवारच्या जेवणाला, असा निकाल लागला. मायेलचा नवरा ओद्रिक, जो एरवी भावाची बाजू घ्यायला सगळ्यात पुढे, तोही मान खाली घालून बसला.

त्या शुक्रवारी मायेल शाळेतून नुसत्या वह्या आणायला गेली होती; सोमवारपासून तिला पुन्हा शिकवायला जायचं होतं. पाळणाघरात जागा नव्हती. नोएमी आजी-आजोबांकडे राहणार, हे कधीचं ठरलेलं. तिबो गोदामात गेला म्हणजे प्रश्न मिटला, असं ओद्रिकला वाटत होतं.

"झालं ना आता? मग अजून का जागी आहेस?"

"झालं," मायेल म्हणाली. पण आतून काहीतरी टोचत होतं. आई झाल्यापासून तिला सगळंच टोचत असे, हे खरं. गुळगुळीत दगड दिसला तरी तो नोएमीच्या घशात जाईल का, हे आधी दिसे. ओद्रिक त्यावरून तिची टिंगलही करी. पण हे टोचणं निराळं होतं.

शनिवारी सकाळी तिनं शेगडी घासायला घेतली. वरून ती लखलखीत होती. डावीकडच्या चुलीचं कडं मात्र उचलल्यावर खाली तपकिरी, कडक पापुद्रा दिसला. त्यानं बारीक भोकं बुजली होती. मायेलनं नखानं खरवडून पाहिलं.

करपलेलं दूध.

तिबो कॉफी घेतो ती काळी.

३

तिबो गोदामात पिंपांच्या मध्ये पेटीवर बसून बाटल्यांवर लेबलं चिकटवत होता.

"या, इन्स्पेक्टरबाई. आरोपी हजर आहे."

"चेष्टा नको, तिबो. काल कॉफी केव्हा केलीस?"

"जेवण झाल्या झाल्या. बाबांनाही दिली. मग इकडे आलो तो तुझी किंकाळी ऐकेपर्यंत इथेच." त्यानं खांदे उडवले. "बटण बंद केलं होतं मी, वहिनी. माझा हात सांगतो मला, केलं होतं. पण त्या नाकापुढे माझ्या हाताचं कोण ऐकणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"लहानपणी खिशात लपवलेली सिगारेट दुसऱ्या खोलीतून ओळखायचे ते. अशा माणसाशी काय वाद घालू?" त्यानं शेजारची उघडून ठेवलेली बाटली पुढे केली. "हे सोड. ह्याचा वास घे आणि सांग. बघू, सफरचंदवालीला काही कळतं का."

मायेल समुद्रकाठच्या ब्रिटनी प्रांतातली. तिकडे वाईन पिकत नाही, सफरचंदाची दारू पितात. सासरी आल्यापासून ती सफरचंदवाली. तिनं नाक बाटलीजवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"शी! पावसात भिजून तळघरात पडलेला पुठ्ठा."

"शाब्बास! बुचाला बुरशी लागली की होतं असं. रंग बघ, माणकासारखा राहतो, आतून जीव गेलेला. आपल्याच घरची आहे, म्हणून जास्त दुखतं." त्यानं खडूनं बाटलीवर फुली मारली. खराब बाटलीला फुली, ही बाबांचीच शिकवण. "फेकून देईन उद्या."

"तिबो, नोएमीचं दूध तू तापवतोस कधी?"

"मी? बाबा हात लावू देतात होय? दूध-रवा फक्त आजोबांच्या हातचा. आईलाही परवानगी नाही." त्यानं हातातला खडू खाली ठेवला. मायेलच्या तोंडाकडे बघत राहिला. "का विचारतेस?"

४

सासूबाई कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होत्या. सोलांज म्हणजे बुटकी, चटपटीत बाई. हात रिकामे असले तर त्या एप्रनच्या कडाच दुमडत बसत.

"आई, काल तुम्ही कुठे होता?"

"इथेच. अंडी गोळा करत. का?" उत्तर जरा जास्तच लगेच आलं.

"बाबांनी दूध तापवलं होतं ना?"

"तापवलं असेल. मला काय माहीत? ह्या पांढरीनं पुन्हा अंडं फोडलंय बघ." सोलांजनी पाठ फिरवली. एप्रनची कड त्यांनी एकदा दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

मायेल घरात आली. फिर्मां टेबलाशी बसून पावाला मोहरी फासत होते. ही तिखट, वाटलेली पिवळी मोहरी बोटभर जाडीनं. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी माणूस समाधानानं खात होता.

"बस, पोरी. तिबोवर रागावू नकोस. बेजबाबदार आहे, पण वाईट नाही."

"बाबा, तुम्ही दूध तापवलंत, तेव्हा—"

"उतू गेलं थोडं. ही रडायला लागली म्हणून तिच्याकडे गेलो. आलो तोवर जाळ बंद होता, मग ओटा पुसला, भांडं घासलं, हिला भरवलं, निजवलं. उठल्यावर उन्हात नेलं." ते हसले. "सगळं नीट केलं. आणि हे नाक घेऊन तिच्या शेजारी बसलो होतो की! अंगणात काडी विझली तरी मला इथे कळतं."

खोटं बोलणाऱ्या माणसाचा हा चेहरा नव्हता. मायेलनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मोहरीच्या बरणीकडे. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात तिनं मोहरी मागितली, तेव्हा ह्याच माणसानं बरणी टेबलावरून उचलून कपाटात ठेवली होती. वाईनच्या आधी मोहरी? त्यापेक्षा जिभेवर डांबर ओत!

त्याच वेळी नोएमी पाळण्यात कुरकुरली. मायेल तिचे कपडे बदलायला गेली. लंगोट केव्हाचा भरलेला होता आणि मांड्या पुन्हा लालभडक. आठवडाभर मलम लावत होती ती, पुरळ जात नव्हतं. पाळणा फिर्मांच्या खुर्चीला खेटून होता, आणि फिर्मां शांतपणे पाव खात होते.

घंटा वाजल्यासारखं तिच्या कानात काहीतरी वाजलं. हेच आजोबा पूर्वी माडीवरून ओरडायचे, "अहो मंडळी, खाली कार्यक्रम झालाय!" सगळ्यांच्या आधी, नेहमी. शेवटचं कधी ओरडले होते?

नाताळच्या आधी. बाबांना तो ताप येण्याआधी.

५

मायेल रात्रभर छताकडे पाहत पडली आणि एकेक धागा जोडत गेली.

दूध उतू गेलं, जाळ विझला, बटण तसंच राहिलं. बाबांना वाटलं आपणच बंद केलं. मग गॅस येत राहिला, आणि शेजारच्या खोलीत ते दोघं बसून होते. बाळ आणि आजोबा. टोपीला वास लागला होता तो तिथला, अक्रोडाखालचा नव्हे. एवढा दाट वास काही मिनिटांत कोटांमध्ये शिरत नाही.

आणि करपलेलं दूधही त्यांना कळलं नाही. लंगोट कळत नाही. जिभेला झोंबेल अशी मोहरी तेवढी कळते, कारण झोंबायला नाक लागत नाही.

पण मग रविवार? इथे ती अडली. ह्या घरात दर रविवारी बाटलीला फिर्मांचा जुना लोकरी मोजा चढवला जाई, लेबल दिसू नये म्हणून. वाईन ओतायची, फिर्मांनी वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि सांगायचं कुठली ते. ते बोलेपर्यंत बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. ह्या महिन्यातही ते एकदाही चुकले नव्हते. नाक नसेल तर कसं?

उत्तर तिला पहाटे सापडलं, ते नोएमीला पाजताना. पूर्वी आधी वाईन यायची, ओळख पटायची, मग ताट. हल्ली सोलांज आधी ताट वाढतात. मागच्या रविवारी बदक होतं, वाईन मादिराँची. त्याआधी रानातल्या अळंब्या, वाईन पोमरोलची. ह्या भागात कुठल्या ताटाशी कुठली वाईन, हे शेंबडं पोरही सांगेल. बाटली काढतात सोलांज. स्वयंपाक करतात सोलांज. ताटच नवऱ्याच्या कानात कुजबुजत होतं.

तिनं ओद्रिकला हलवलं. सगळं सांगितलं. तो अंथरुणात उठून बसला.

"माझ्या बापाला वास येत नाही? तू वेडी आहेस का, मायेल? तुला झोप नाही, दिवसभर काळजी. समजतं मला. पण हे बाहेर कुणापाशी बोलू नकोस. मार्च आलाय तोंडावर. त्यांचं दुसरं काय आहे, सांग ना?"

"आणि आपलं दुसरं काय आहे, ओद्रिक?" ती पाळण्याकडे बोट दाखवत म्हणाली.

तो पुन्हा आडवा झाला. कूस बदलून झोपला, किंवा झोपल्याचं दाखवलं.

सकाळी सोलांजनी मेंढीची तंगडी भट्टीत सरकवली. लसूण, रोझमेरी. म्हणजे आज पोयाकची वाईन. "मायेल, तळघरातून पोयाकची एक बाटली आण बाळ, मोजा चढवून. माझे हात तेलाचे आहेत."

मायेल खाली गेली. पोयाकची बाटली तिनं हातात घेतली, आणि परत ठेवली. मग गोदामाच्या दारानं आत जाऊन खडूची फुली असलेली बाटली उचलली आणि तिच्यावर मोजा ओढला. पायऱ्या चढताना तिला स्वतःचीच किळस आली. पण थांबली नाही.

६

मेंढीचा तुकडा प्रत्येकाच्या ताटात पडला. ओद्रिकनं नोएमीला उंच खुर्चीत बसवलं. तिबो टेबलाच्या टोकाशी, पाहुण्यासारखा. मायेलनं पेले भरले. ओततानाच तो वास वर आला, भिजलेल्या पुठ्ठ्याचा. तिबोनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

फिर्मांनी पेला उचलला. देठाला धरून फिरवला, उजेडात धरला, नाक आत घातलं, डोळे मिटले. किती सुंदर करत होते ते सगळं! मायेलला वाटलं, आता हा माणूस नाक मुरडेल, पेला खाली आपटेल, आणि मी मूर्ख ठरेन. आयुष्यात पहिल्यांदाच ती मूर्ख ठरायची वाट पाहत होती.

फिर्मांनी ताटाकडे एक नजर टाकली. मग घोट घेतला.

"पोयाक," ते म्हणाले. "दहा-बारा वर्षांची. देवदाराची पेटी उघडावी तसा वास. वा, सोलांज!"

ओद्रिकचा पेला नाकापाशी थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, वरून खाली. त्यानं मायेलकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. सोलांजनी आपल्या पेल्याचा वास घेतला आणि नजर खाली वळवली. मायेल बोलली तर ह्या माणसाचं सगळं जाणार होतं, आणि न बोलली तर उद्या सोमवार.

मग तिबोनं आपला पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"अगदी बरोबर, बाबा. पोयाकच." त्यानं तोंड पुसलं. "आणि शुक्रवारी बटण मीच उघडं ठेवलं होतं. काल उगाच वहिनीपाशी नाही म्हणालो."

ओद्रिक प्यायला. सोलांज प्यायल्या, औषध घ्यावं तशा. मायेलनंही ओठ लावले. ते घाणेरडं पाणी सगळे गुपचूप पीत होते, आणि फिर्मां एकेकाचं तोंड पाहत होते.

चेहरे वाचायला नाक लागत नाही.

त्यांनी हळूच बाटली ओढली. मोज्याची कड धरून जरा खाली केली. स्वतःच्या घरचं लेबल. त्याच्यावर पांढरी फुली. त्यांनी त्या फुलीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मोजा पुन्हा वर ओढला, नीट, सुरकुत्या काढून, लहान मुलाला घालावा तसा.

"तिबो," ते म्हणाले, "आज घरात झोपायला ये. गोदामात गारठा असतो."

"पण बाबा, मी—"

"ये म्हटलं ना. तुझा हात चुकला नव्हता." आणि मेंढीचा तुकडा कापत, कुणाकडेही न बघता, "सोलांज, उद्यापासून कोंबड्या तिबो बघेल. तू घरात राहा. पोरीपाशी."

सोलांज तेव्हा रडायला लागल्या. "ताप उतरला तेव्हाच गेलं हो ते," त्या मायेलला म्हणाल्या. "वाटलं, येईल परत. दर रविवारी वाटतं."

७

दुपारी मायेल भांडी विसळत होती. मार्चचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. द्राक्षवाले येतील, पेले पुढे करतील, आणि तिथे ताट वाढायला सोलांज नसतील. तिनं जे शोधून काढलं त्यानं कुणाचंच काही बरं झालं नव्हतं. बाळ सुरक्षित झालं होतं, इतकंच. ते पुरेसं वाटायला हवं होतं.

मागे पावलं वाजली. फिर्मां नोएमीला कडेवर घेऊन उभे होते. लंगोट बदललेला, मलम लावलेलं. आता ते दर थोड्या वेळानं हात घालून बघत होते.

"बाबा, मी ती बाटली—"

"चांगली निवडलीस." त्यांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. "तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

मग त्यांनी नोएमीच्या टाळूला नाक लावलं. नुसतेच उभे राहिले, डोळे मिटून, मघाशी पेल्यापाशी होते तसे. फरक एवढाच की आता बघायला कुणी प्रेक्षक नव्हते.

"जन्मली तेव्हा घेतला होता वास," ते म्हणाले. "आठवतोय. पण आता बदलला असेल ना? मुलांचा बदलतो." त्यांनी नोएमीला मायेलपुढे धरलं. "कसा येतो गं आता?"

मायेलनं हात पुसले. चांगल्या वाईनच्या वासाला तिला कधी शब्द सापडले नव्हते. सगळे हसायचे. ती वाकली आणि लेकीच्या केसांत नाक खुपसलं.

"दुधाचा. पण नुसत्या दुधाचा नाही. उन्हात वाळलेल्या चादरीचा. कानामागे जरा आंबूस... सफरचंद कापून ठेवलं की येतो ना, तसा."

"सफरचंद?" फिर्मांची मिशी हलली. "म्हणजे तुमच्याकडचं मिसळलंय यात." मग, अगदी सवयीनं, जसं ते प्रत्येकाला विचारत, तसं त्यांनी विचारलं, "आणि शेवटी? सगळं ओसरल्यावर मागे काय राहतं?"

मायेल पुन्हा वाकली, आणि ह्या खेपेला त्यांच्या वतीनं, खोल श्वास घेतला.